दांडा कुणी आखूड केला?

बागकामावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लेखनात अवजारांचे एक प्रकरण हमखास असते. खुरपे घेताना मूठ हातात धरून पाहावी, पाते हलते की काय ते तपासावे, शेंबी सैल नसावी. दातेरी विळ्याने गवत ओढून कापता येते, साध्या विळ्याला वरचेवर धार लावावी लागते. फांद्या छाटायची कात्री अशी असावी की तिची पाती एकमेकांवरून सरकतील आणि ओली फांदी चेचली जाणार नाही. ज्याची कंबर दुखते त्याने लांब दांड्याचे अवजार घ्यावे. हा सल्ला योग्यच आहे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. मला बोलायचे आहे ते त्या सल्ल्याच्या पोटात बसलेल्या गृहीताविषयी. अवजार निवडणारा हात आणि अवजार चालवणारा हात एकच आहे, असे हा सल्ला धरून चालतो.

बंगल्यामागे चार वाफे काढणाऱ्या गृहस्थाच्या बाबतीत हे गृहीत खरे आहे. पण या जगातले बहुतेक तण ज्यांनी उपटले, बहुतेक ऊस, गवत आणि कापणीचे पीक ज्यांनी कापले, त्यांच्या बाबतीत ते खरे नव्हते. त्यांच्या हातात अवजार आले ते कुणीतरी ठरवलेले. पात्याची रुंदी, वजन, दांड्याची लांबी या गोष्टी दिसायला तांत्रिक असतात, पण त्या ठरतात सत्तेने. आपल्याकडे इतिहास लिहिणाऱ्यांनी तलवारींची लांबी मोजली, भाले-बंदुकांची वर्णने केली. खुरप्याच्या दांड्याची लांबी मोजावी असे त्यांना वाटले नाही. ती मोजली तर समाजरचनेचे एक मोजमाप हाती लागते, असे मला वाटते. तेवढ्यासाठीच हा लेख आहे.

१

आपल्या घरापासून सुरुवात करू. तण काढण्याच्या कामाला मराठीत किती नावे आहेत पाहा. मराठवाड्यात खुरपणी, विदर्भ-खानदेशात निंदणी, सातारा-कोल्हापूरकडे भांगलण, कोकणात बेणणी. नावे वेगळी असली तरी चित्र एकच असते. बायांची एक ओळ, प्रत्येकीची पात ठरलेली, सगळ्या उकिडव्या बसलेल्या, उजव्या हातात वीतभर पात्याचे खुरपे आणि डाव्या हाताने रोपाची बाजू सावरलेली. बांधावर मालक, मालकीण किंवा मुकादम उभा. ओळीत बसलेल्या बाया बहुधा भूमिहीन. त्यांत आमच्या वस्तीतल्या किती आणि गावातल्या किती, हे गावाच्या रचनेवर अवलंबून असे. बांधावर उभ्या असलेल्या माणसाची जात मात्र सहसा बदलत नसे.

माझ्या आईने आयुष्याची चाळीस वर्षे खुरपे चालवले. ते तिचे स्वतःचे होते, लोहाराकडून करवून घेतलेले. पाते झिजून नखाएवढे उरले तरी ती ते शेवटून, धार करून वापरीत असे. पुढे शहरात नोकरीला लागल्यावर एका दुकानात मी लांब दांड्याचे खुरपे पाहिले आणि तिच्यासाठी घेऊन गेलो. तिने ते हातात धरून पाहिले, दोन-तीनदा जमिनीवर ओढले आणि भिंतीला टेकवून ठेवले. म्हणाली, “चांगलं हाय बाबा. पर उभं ऱ्हाऊन खुरपाय लागले तर मालकीन म्हनंल, बाई काम करायली का गाव बघायली?”

या एका वाक्यात अवजारांचे सगळे समाजशास्त्र आहे. ते खुरपे तिच्या कमरेला सोयीचे होते हे तिला दोन मिनिटांत कळले होते. पण बांधावरच्या नजरेला ते सोयीचे नव्हते. वाकलेली पाठ म्हणजे काम आणि ताठ पाठ म्हणजे कामचुकारपणा, हा त्या नजरेचा कायदा होता.

बलुतेदारीच्या गावगाड्यात कोण कोणते साधन हाती धरील हे जन्मावर ठरले होते. सुताराच्या हाती वाकस, लोहाराच्या हाती घण, चांभाराच्या हाती रापी. वेसकर महाराच्या हाती घुंगुरकाठी. ही काठी उत्पादनाचे साधन नव्हतीच. बोलावणे आले की धावायचे, सांगावा पोचवायचा, रात्री पहारा द्यायचा, याची ती खूण होती. लोहाराला, सुताराला त्याच्या अवजारातून निदान एक कसब मिळाले. आमच्या वाट्याला आलेल्या काठीतून आज्ञापालन तेवढे मिळाले. जंगलातून लाकूड आणायला कुऱ्हाड, मेलेले ढोर सोलायला सुरी आणि सुगीत दुसऱ्याच्या शेतावर विळा. यांतले एकही साधन, ‘हे मला जमते, हे मला आवडते’ म्हणून कुणी हाती धरलेले नव्हते.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात जातिव्यवस्थेच्या आर्थिक समर्थनाचा समाचार घेतला. जात म्हणजे श्रमविभागणी, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी दाखवून दिले की ही विभागणी कामाची नसून काम करणाऱ्या माणसांची आहे आणि तीत व्यक्तीच्या आवडीला, पात्रतेला जागाच ठेवलेली नाही. जे काम माणसाने निवडलेले नसते त्यात त्याचे मन आणि बुद्धी गुंतत नाही, हेही त्यांनी तेथेच मांडले. अवजारांच्या प्रश्नाला हा विचार मी शब्दशः लावतो. काम निवडायचा अधिकार नाही, म्हणून साधन निवडायचा अधिकार नाही. साधन निवडायचा अधिकार नाही, म्हणून ते सुधारण्याची बुद्धी चालवायला कारणही नाही. ‘भारतीय शेतीची अवजारे हजार वर्षे बदलली नाहीत’ असे अर्थशास्त्रज्ञ खेदाने सांगतात. ज्याला बदल हवा होता त्याच्या हाती ठरवण्याचा अधिकार नव्हता आणि ज्याच्या हाती अधिकार होता त्याची कंबर दुखत नव्हती. मग बदल कुणी करायचा?

बाबासाहेबांचा १९१८ सालचा लहान धारणक्षेत्रांवरील निबंध या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. शेताचे तुकडे लहान झाले म्हणून शेती बुडते, असे त्या काळी सर्रास म्हटले जाई. बाबासाहेबांनी प्रश्न उलटा केला. शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही, ते कसायला भांडवल, बैल आणि अवजारे किती आहेत यावर ठरते. साधनेच अपुरी असतील तर आहे तेच शेत मोठे ठरते. म्हणजे शेतीच्या रोगाचे निदान करताना तरुण आंबेडकरांनी बोट ठेवले ते साधनांच्या दारिद्र्यावर. या साधनांमध्ये मी खुरपेही धरतो.

२

हा केवळ आपल्या गावगाड्याचा प्रकार आहे, असे कुणी समजू नये. जेथे माणसाला दुसऱ्याच्या मालकीचे केले गेले तेथे त्याच्या अवजारावर त्याची निशाणी उमटली आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरी होती तेव्हाची गोष्ट. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड नावाचा एक उत्तरेकडचा लेखक त्या प्रदेशात हिंडला आणि १८५६ साली त्याने आपले प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. गुलामांच्या हाती दिलेली अवजारे पाहून तो चकित झाला. ती विनाकारण जड आणि बोजड होती. उत्तरेतला कुठलाही शहाणा शेतकरी आपल्या मजुराला असली अवजारे देणार नाही, कारण त्यांनी काम वाढते. त्याने कारण विचारले तेव्हा मालकांनी सांगितले की हलकी, चांगली अवजारे यांच्या हातात टिकत नाहीत, हे ती मोडून टाकतात.

मार्क्सने ‘भांडवला’च्या पहिल्या खंडात (१८६७) ओल्मस्टेडची ही साक्ष तळटीपेत घेतली आहे. मार्क्सला दिसले ते असे की ज्याला बोलणारे अवजार म्हणूनच वागवले जाते तो माणूस मुक्या अवजाराला आणि जनावराला आपण त्यांच्यातले नाही हे दाखवून देतो, आणि दाखवण्याचा त्याच्याकडे एकच मार्ग उरतो: अवजाराची नासधूस. मालक ज्याला हलगर्जीपणा म्हणत होता तो गुलामाचा नकार होता. त्या नकाराची शिक्षा म्हणून अवजार आणखी जड झाले आणि जड अवजाराचे ओझे पुन्हा त्याच पाठीवर आले. ‘या लोकांना चांगली वस्तू देऊन उपयोग नाही, ते तिची वाट लावतात’ हे वाक्य आपण मराठीत किती वेळा ऐकले आहे, हे ज्याचे त्याने आठवावे.

याच ओल्मस्टेडने पुढे न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क आखले. आधुनिक उद्यानरचनेचा जनक म्हणून जग त्याला ओळखते. बागेचे सौंदर्य आणि अवजाराचे वजन या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने पाहिल्या. जगाने त्यातली पहिली लक्षात ठेवली.

३

गुलामगिरी १८६५ साली कायद्याने गेली, तरी अवजार ठरवण्याची मालकाची सत्ता गेली नाही. तिचे सर्वांत स्पष्ट उदाहरण कॅलिफोर्नियात सापडते. तेथे मजूर कायद्याने स्वतंत्र होता, रोजंदारीवर होता आणि तरीही त्याच्या दांड्याची लांबी मालकच ठरवीत होता.

कॅलिफोर्नियातले सलिनास खोरे सॅलडच्या पाल्यासाठी, म्हणजे लेट्यूससाठी प्रसिद्ध आहे. शर्कराबीट आणि लेट्यूसचे बी दाट पेरले जाई आणि रोपे उगवल्यावर मधली रोपे व तण काढून ठरावीक अंतरावर एकेक रोप राखावे लागे. या विरळणीसाठी मजुराला छोट्या दांड्याची कुदळी दिली जाई. दांडा साधारण बारा ते चोवीस इंच. मेक्सिकन मजूर तिला ‘एल कोर्तितो’, म्हणजे ‘छोटुकली’ म्हणत. तिचे दुसरे नाव होते ‘सैतानाचा हात’. या दांड्याने काम करायचे तर कमरेतून पूर्ण वाकावे लागते. बसता येत नाही, कारण सतत पुढे सरकायचे असते. एक ओळ संपेपर्यंत वाकलेलेच राहायचे, मग दुसरी ओळ, असे दिवसाचे दहा-दहा तास. काही हंगामांतच पाठीचे मणके झिजू लागत. तरुण वयात कायमचे अधू झालेले मजूर त्या खोऱ्यातल्या प्रत्येक वस्तीत होते.

मालकांचे म्हणणे असे की लांब दांड्याने नेमके काम होत नाही, रोपे दुखावतात, पीक घटते. हे कारण ते उघड सांगत. दुसरे कारण मुकादमांना माहीत होते. आखूड दांड्याच्या शेतात कोण काम करतो आणि कोण थांबला आहे, हे दुरून एका नजरेत दिसते. ताठ उभा दिसला तो थांबला. माझ्या आईने बांधावरच्या ज्या नजरेविषयी सांगितले तीच ही नजर. मधे दोन महासागर आहेत, पण नजरेत फरक नाही.

या शेतांवर राबलेल्या माणसांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. आधी चिनी मजूर होते. १८८२ च्या कायद्याने त्यांचे येणे बंद झाले, मग जपानी आले, मग फिलिपिनो, मग मेक्सिकन. १९४२ ते १९६४ या काळात तर सरकारी कराराने मेक्सिकोतून हंगामी मजूर आणले गेले. माणसे बदलली तरी पाठ वाकवण्याचे काम गोऱ्या समाजाबाहेरच्यांकडेच राहिले. मेक्सिकन माणूस मुळातच ठेंगणा, जमिनीलगतचा, त्याला वाकायला त्रास होत नाही, असे तेथे प्रतिष्ठित लोक बोलून दाखवीत. ‘त्यांना सवयच असते’ या आपल्याकडच्या वाक्याचा हा कॅलिफोर्नियातला अवतार. शोषणाला नेहमीच शरीरशास्त्राची साक्ष लागते. कुठे ती रक्तात शोधतात, कुठे पूर्वजन्मात, कुठे उंचीत.

शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ हे स्वतः तरुणपणी या कुदळीने राबले होते आणि पाठदुखीने आयुष्यभर त्रस्त होते. १९६५ साली डेलानोच्या द्राक्षमळ्यांत फिलिपिनो मजुरांनी सुरू केलेल्या संपात चावेझ यांची संघटना सामील झाली आणि शेतमजुरांचा प्रश्न अमेरिकेच्या घराघरांत पोचला. पुढे ग्रामीण गरिबांना कायद्याची मदत देणाऱ्या एका संस्थेचे वकील मॉरिस जॉर्डेन यांनी मजुरांच्या वतीने १९७२ साली राज्याच्या औद्योगिक सुरक्षा विभागाकडे अर्ज केला, की ही कुदळी असुरक्षित अवजार ठरवून बंद करावी.

१९७२ हे साल मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. त्याच वर्षीच्या दुष्काळात आमच्या वस्त्यांतली माणसे सरकारी कामावर खडी फोडत होती. पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीवरून घेतले आणि आपले लेखक तिकडच्या काळ्या साहित्याकडे भावाच्या नात्याने पाहू लागले. तपकिरी कातडीच्या या शेतमजुरांकडे मात्र आपले फारसे लक्ष गेले नाही. खरे तर उसात, कापसात राबणाऱ्या आमच्या माणसांना ते अधिक जवळचे होते.

अर्जाचे काय झाले? सुनावण्या झाल्या. डॉक्टरांनी साक्षी दिल्या की या अवजाराने मणक्यांची हानी होते. १९७३ साली अर्ज फेटाळला गेला, आणि त्याचे कारण मोठे बोलके आहे. नियमात असुरक्षित हातअवजारांना बंदी होती. विभागाने त्याचा अर्थ असा लावला की असुरक्षित म्हणजे मोडके, खिळखिळे, बिघडलेले अवजार. ही कुदळी तर धडधाकट आहे, मग ती असुरक्षित कशी? मजूर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘कार्मोना विरुद्ध औद्योगिक सुरक्षा विभाग’ या खटल्यात १३ जानेवारी १९७५ रोजी निकाल लागला. न्यायालयाने विभागाचा अर्थ संकुचित ठरवला. अवजार मोडलेले नसले तरी ते ठरल्याप्रमाणे वापरल्याने माणसाला इजा होत असेल तर ते असुरक्षितच होय. त्यानंतर त्याच वर्षी राज्याने आखूड कुदळीवर बंदी घातली.

न्यायालयाने जे सांगितले त्याचा अर्थ मी माझ्या भाषेत असा मांडतो. अवजार शाबूत आहे की नाही हे पाहायचे असेल तर अवजाराकडे पाहू नका, ते धरणाऱ्या माणसाकडे पाहा. व्यवस्थेच्या बाबतीतही हीच कसोटी आहे. जातिव्यवस्था हजारो वर्षे न मोडता टिकली, हे तिचे गुण गाणारे लोक कौतुकाने सांगतात. तिच्यात माणसे किती मोडली हे ते मोजत नाहीत.

मालक म्हणत होते की लांब दांडा आला तर लेट्यूसची शेती बुडेल. ती बुडाली नाही. सलिनास आजही देशभर लेट्यूस पुरवते. म्हणजे पिकाची गरज म्हणून जी गोष्ट सांगितली जात होती ती पिकाची गरज नव्हतीच.

४

विजयाची कथा येथे संपवणे मला सोयीचे झाले असते. पण इतिहास तेथे थांबला नाही. आखूड कुदळीला बंदी आली तेव्हा काही मालकांनी कुदळीच काढून घेतली आणि मजुरांना नुसत्या हाताने तण उपटायला लावले. कायद्यात अवजाराला बंदी होती, वाकण्याला नव्हती. त्यासाठी पुन्हा वर्षानुवर्षे झगडावे लागले आणि २००४ साली हाताने तण काढायला लावण्यावर राज्याने निर्बंध आणले. त्यातही रसायने न वापरणाऱ्या सेंद्रिय शेतीला सवलत मिळाली, कारण तेथे हाताने तण काढण्याला पर्याय नाही असे मांडण्यात आले. खाणाऱ्याच्या पोटात विष जाऊ नये म्हणून तण हाताने काढायचे, आणि त्याची किंमत कुणाच्या पाठीने द्यायची हा प्रश्न पुन्हा शिल्लक. आज आपल्या शहरांतही विषमुक्त भाजीचे कौतुक वाढते आहे. ते योग्यच आहे. पण त्या भाजीचे तण कोण काढते, किती मजुरीवर काढते, हे त्या कौतुकात विचारले जात नाही.

आपल्याकडे कायद्याने या अवजारांकडे कधी पाहिले काय? १९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्राला जाळी, कामगाराला विश्रांती, ठरावीक तास अशा गोष्टी दिल्या. या कायद्यापूर्वी मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामाच्या तासांसाठी जे केले ते सर्वश्रुत आहे. पण कारखान्याची भिंत संपली की तो कायदाही संपत होता. १९८३ साली धोकादायक यंत्रांविषयीचा कायदा झाला तो मळणीयंत्रात हात तुटत होते म्हणून. हात तुटला की रक्त दिसते, बातमी होते. कंबर तीस वर्षांत हळूहळू जाते, तिची बातमी होत नाही. खुरपे हे कायद्याच्या नजरेत आलेच नाही.

तंत्रज्ञानाने काही केले. भोपाळची केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था १९७६ साली स्थापन झाली. तेथून आणि आपल्या कृषी विद्यापीठांतून उभ्याने ढकलायची चाकाची हातकोळपी आली, हलके दातेरी विळे आले. ती अवजारे चांगली आहेत. पण शेतावर गेल्यावर काय दिसते? दोन ओळींत अंतर असलेल्या पिकात हातकोळपे चालते, आणि बहुतेक ठिकाणी ते पुरुषाच्या हाती जाते. ते ‘यंत्र’ आहे म्हणून त्याची मजुरीही जास्त. कांदा, मेथी, कोथिंबीर अशा दाट वाफ्यात, रोपाच्या अगदी बुडाशी, खुरप्याला पर्याय नाही. तेथे बाई पूर्वीसारखीच उकिडवी बसते. तणनाशकाची फवारणी आली तेथे तर बाईचे वाकणे गेले आणि त्याबरोबर तिचा रोजही गेला.

गाजरगवताचे उदाहरण घ्या. १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात त्याची पहिली नोंद झाली आणि पाहता पाहता ते देशभर पसरले. ते फुलावर येण्यापूर्वी मुळासकट उपटावे, हातमोजे घालावेत, कारण त्याने अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात, दमा होतो, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. हा सल्ला पत्रकांत छापून कित्येक वर्षे झाली. खुरपणाऱ्या बाईच्या हातात मोजे मी अपवादानेच पाहिले. साडीचा पदर किंवा जुन्या सदऱ्याची फाडलेली बाही, हेच तिचे संरक्षण.

म्हणून ‘सर्वांना लांब दांडा द्या’ अशी घोषणा मी करणार नाही. ज्या बाईने चाळीस वर्षे खुरपे चालवले तिला कोणत्या वाफ्यात बसावे लागते आणि कोणत्या वाफ्यात उभे राहून भागते, हे कुठल्याही अभियंत्यापेक्षा जास्त कळते. तिला विचारा, एवढेच माझे म्हणणे आहे. पण विचारणे म्हणजे तिची बुद्धी मान्य करणे, आणि नेमके तेथेच आपल्या समाजाचे घोडे अडते.

५

कोयत्याविषयी लिहिल्याशिवाय हा इतिहास पुरा होणार नाही. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याची मुहूर्तमेढ झाली आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. त्यांचा ऊस तोडायला बीड आणि आसपासच्या कोरडवाहू भागांतून माणसे येऊ लागली. दलित, बंजारा, वंजारी, भूमिहीन आणि अल्पभूधारक. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या, ट्रक भरभरून ही माणसे निघतात. मुकादम त्यांना आगाऊ रक्कम देतो, तिला ‘उचल’ म्हणतात. ती देताना माणसे मोजली जात नाहीत, कोयते मोजले जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर अर्धा कोयता.

माणसाच्या हातात अवजार असते, ही साधी गोष्ट येथे उलटली आहे. येथे अवजारच्या नावात माणूस असतो, तोही अर्धा. ओल्मस्टेडच्या काळातल्या मालकाने गुलामाला बोलणारे अवजार मानले. आपण सहकाराच्या युगात त्याचा हिशेब ठेवण्याची रीत बसवली. ‘अर्धा कोयता’ असलेली बाई आजारी पडली, तिचा खाडा झाला, तर पूर्ण कोयत्याचा दंड भरावा लागतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे उघडकीस आले आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, उघड्यावरच्या तळावर पाणी नाही, आडोसा नाही, दुखणे अंगावर काढायचे आणि शेवटी शस्त्रक्रिया. कोयत्याला गर्भाशय नसते, म्हणून कोयता म्हणून मोजलेल्या बाईलाही ते ठेवणे परवडले नाही. हे वाक्य लिहिताना माझा हात थरथरतो, पण याहून सौम्य शब्दांत सत्य सांगता येत नाही.

अलीकडे २०२२-२३ मध्ये पुण्यात ‘कोयता गँग’चा बोलबाला झाला आणि कोयता पहिल्या पानावर आला. मराठीत ‘हत्यार’ हा एकच शब्द अवजारालाही चालतो आणि शस्त्रालाही. ज्या कोयत्याने कारखाने उभे केले तो मध्यमवर्गाला दिसला नाही, रस्त्यावर नाचवलेला तेवढा दिसला.

६

येथे एक इशारा आवश्यक आहे. अवजार सुधारले म्हणजे माणूस सुटला, असा भ्रम होऊ नये. भंगीकामाचा इतिहास आपल्यापुढे आहे. मुंबई सरकारने १९४९ साली बर्वे समिती नेमली, केंद्राने १९५७ साली मलकानी समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहणे थांबावे, हातगाड्या द्याव्यात, साधने सुधारावीत, अशा शिफारशी झाल्या. टोपलीऐवजी गाडी आली तेथे गाडी ढकलणारी जात तीच राहिली. हे काम बेकायदा ठरायला १९९३ साल उजाडावे लागले आणि २०१३ मध्ये पुन्हा नवा कायदा करावा लागला. साधनाची सुधारणा काही वेळा अन्यायाला टिकाऊ करते, तो सुसह्य दिसू लागतो. म्हणून दोन अधिकार एकत्र मागितले पाहिजेत: आहे त्या कामात आपले साधन आपण ठरवण्याचा, आणि ते काम सोडून दुसरे काम ठरवण्याचा. पहिल्या अधिकाराशिवाय दुसरा अधिकार मागायला ताठ कंबर उरत नाही. दुसऱ्याशिवाय पहिला म्हणजे नुसती मलमपट्टी.

आमच्या साहित्याने वेदना मांडली, भूक मांडली, अपमान मांडला. आता श्रमाचे तपशीलही त्याच निष्ठेने मांडले पाहिजेत. आईच्या खुरप्याचे वजन किती होते? बापाच्या कुऱ्हाडीचा दांडा कुणी बसवला, त्याचे पैसे कुणी दिले? पात किती लांब होती आणि मजुरी पातीवर होती की रोजावर? ही माहिती असलेली पिढी झपाट्याने जाते आहे. प्रत्येक वस्तीतल्या दोन-चार शिकलेल्या मुलांनी वही-पेन्सिल आणि मोजपट्टी घेऊन म्हाताऱ्या बायांजवळ बसावे आणि हे लिहून काढावे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात चावेझ यांच्या वडिलांची आखूड कुदळी जपून ठेवली आहे. आपल्या संग्रहालयांत राजेरजवाड्यांच्या तलवारी, अडकित्ते, पानदाने मांडलेली आहेत. झिजून नखाएवढे झालेले खुरपे तेथे ठेवायचे तर आधी आपण ते इतिहासाचे साधन आहे असे म्हटले पाहिजे. दुसरे कुणी म्हणणार नाही.

आणि ज्यांच्या दारात बाग आहे, त्यांत आज आपलीही शिकलेली, नोकरदार मंडळी आहेत, त्यांना एक साधी गोष्ट सांगावीशी वाटते. बागेसाठी अवजार घ्यायला जाताना, ते चालवणाऱ्या बाईला किंवा गड्याला बरोबर न्या. मूठ त्यांच्या हातात द्या, दांड्याची लांबी त्यांच्या उंचीला लावून पाहा, आणि मोजे, दगड, धार लावायचा खर्च मजुरीतून कापू नका. मग ते काम उभ्याने करतात की बसून, हे त्यांचे त्यांना ठरवू द्या. कुणी क्षणभर पाठ ताठ करून उभे राहिले, तर तेवढ्यावरून काम थांबले असे समजू नका.